भिवपुरीची घरपट्टी शाळेपर्यंत पोहोचते का? झेडपीच्या शाळेचा खर्च नेमका कोण भागवतं?

कर्जत शहरात घर असेल तर नगरपरिषदेच्या मालमत्ता कराच्या बिलात 'शिक्षण कर' असा एक रकाना असतो. तिथून लोकलने मुंबईच्या दिशेला एकच स्टेशन पुढे आलं की भिवपुरी रोड. इथल्या गावांमध्ये ग्रामपंचायतीची पावती बघा. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी हे सगळं असतं, पण शिक्षणाचा रकाना नसतो.

म्हणजे शहरातला माणूस शाळेसाठी पैसे भरतो आणि गावातला भरत नाही, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात तसं नाही. शहरातला शिक्षण कर १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) कायद्याखाली घेतला जातो. नगरपरिषद तो फक्त गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. त्या पैशातून गल्लीच्या टोकाच्या शाळेचं छत दुरुस्त होईलच असं नाही. दुसरीकडे, गावातला माणूस घरपट्टीत शिक्षणासाठी काही भरत नसला तरी मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरतोच. त्यातला निम्मा राज्याचा असतो आणि गावातल्या गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतूनच होतो.

मग घरपट्टीतून शाळेला काहीच मिळत नाही का? मिळतं, पण फार थोडं. आणि अडतं ते नेमकं त्या थोड्यापाशीच.

पगार मंत्रालयातून, हुकूम अलिबागहून

भिवपुरी, कर्जत, खालापूर भागातल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा रायगड जिल्हा परिषदेच्या आहेत. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती कायद्याने प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदांकडे आलं. १ मे १९६२ पासून हा कारभार सुरू झाला. म्हणून आजही लोक 'सरकारी शाळा' असं न म्हणता 'झेडपीची शाळा' म्हणतात.

पण जिल्हा परिषद शाळेची मालक असली तरी शिक्षकांचा पगार तिच्या खिशातून जात नाही. राज्य सरकार त्यासाठी पूर्ण अनुदान देतं. ते अलिबागला जिल्हा परिषदेत येतं, तिथून कर्जत पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, आणि 'शालार्थ' या ऑनलाइन प्रणालीतून पगाराची बिलं निघतात. शाळेवर होणाऱ्या एकूण सरकारी खर्चात सिंहाचा वाटा पगाराचाच असतो.

आकड्यांत बघू. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो. प्राथमिक शाळेत त्याला महिन्याला १६ हजार रुपये मानधन मिळतं. २०२३ पर्यंत हे मानधन फक्त ६ हजार होतं. १६ हजारांच्या हिशोबाने वर्षाला १ लाख ९२ हजार होतात, आणि हा सगळ्यात कमी पगाराचा शिक्षक. आता त्याच शाळेला खडू, झाडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल यासाठी वर्षाला किती मिळतात? पट ३० पर्यंत असेल तर केंद्राच्या निकषाप्रमाणे १० हजार रुपये.

या रकमेला 'संयुक्त शाळा अनुदान' म्हणतात. २०१८ साली सुरू झालेल्या 'समग्र शिक्षा' योजनेतून ती येते. या योजनेत ६० टक्के पैसा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. पट ३१ ते १०० असेल तर अनुदान २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. पैसे शाळा व्यवस्थापन समितीमार्फत खर्च होतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात.

३० मुलं असतील तर १० हजार आणि ३१ वं मूल दाखल झालं की २५ हजार. पण ३० मुलांच्या शाळेचं छप्पर ३१ मुलांच्या शाळेपेक्षा कमी गळत नाही. कर्जतच्या पावसात तर नाहीच नाही.

पट म्हणजेच पैसा

शाळेला किती शिक्षक मिळणार हे दरवर्षी 'संच मान्यते'त ठरतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, पुढे साधारण ३० मुलांमागे एक. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष बदलले. लहान शाळांची, विशेषतः वरच्या वर्गांची शिक्षकपदं जातील म्हणून शिक्षक संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजेवर गेले होते.

हे प्रकरण भिवपुरी भागाला जवळचं आहे, कारण कर्जत तालुक्यात डोंगराच्या कुशीत ठाकूर आणि कातकरी समाजाच्या अनेक वाड्या आहेत. वाडी छोटी म्हणजे शाळा छोटी. त्यात अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही सोबत जातात. सप्टेंबरच्या पटावर असलेलं मूल जानेवारीत वर्गात नसतं. अशा मुलांसाठी 'शिक्षण हमी कार्ड' आहे. ते दाखवलं की जिथे कुटुंब गेलं तिथल्या शाळेत मुलाला बसता यावं अशी अपेक्षा असते. भट्टीपासून शाळा किती लांब आहे, हा प्रश्न त्या कार्डाने सुटत नाही.

राज्यात २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या १४ हजारांहून जास्त शाळा आहेत. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने अशा शाळांच्या जागी 'समूह शाळा' करता येतील का, याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं पुढे ठेवली गेली. चार छोट्या शाळांची एक मोठी शाळा केली तर ग्रंथालय, संगणक, विषयवार शिक्षक हे सगळं देता येतं, हा सरकारचा मुद्दा. तो अगदीच चुकीचा नाही. एकाच शिक्षकाने चार वर्ग सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याने बघितलंय त्याला तो पटेलही. पण वाडीतल्या सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून तीन-चार किलोमीटर जायचं असेल तर तिची शाळा जुलैतच सुटते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय. मात्र त्याच नियमात किमान २० मुलं असावीत ही अटही आहे. लांबच्या मुलांसाठी वाहतूक भत्त्याची सोय आहे, पण तो भत्ता घेऊन बसायचं कशात, हे वाडीपर्यंत रस्ता आहे की नाही यावर ठरतं.

मग ग्रामपंचायत काय करते?

ग्रामपंचायतीच्या हातात मुख्यतः दोन थैल्या असतात.

पहिली थैली स्वतःच्या करांची. घरपट्टी २०१५ च्या अखेरीस झालेल्या नियमबदलानंतर मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर ठरते. खालापूरसारख्या तालुक्यात, जिथे खोपोलीच्या आसपास कारखाने आहेत, तिथल्या ग्रामपंचायतींसाठी आणखी एक तरतूद आहे. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे कारखान्याकडून वेगवेगळ्या करांऐवजी एक ठोक रक्कम घेता येते. कर्जतमध्ये कारखान्यांपेक्षा फार्महाऊस आणि सेकंड होमचा जोर जास्त. ग्रामीण भागात जमीन किंवा घराचा व्यवहार झाला की मुद्रांक शुल्कावर अधिभार लागतो आणि त्यातला वाटा जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीला मिळतो. पण तोही आधी राज्याकडे जमा होतो आणि मग अनुदान म्हणून खाली येतो. कधी येईल ते खाली बसलेल्याच्या हातात नसतं.

या स्वतःच्या उत्पन्नातही आधीच कप्पे पाडलेले आहेत. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. उरलेल्यात कर्मचाऱ्यांचे पगार, पाणीयोजनेचं वीजबिल आणि रस्त्यावरचे दिवे. शाळेसाठी ठरलेला कप्पा नाही. सरपंचाला वाटलं, ग्रामसभेने धरून ठेवलं, तर शाळेला काही मिळतं.

दुसरी थैली केंद्रीय वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम 'बंधित' होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यासाठीच. ४० टक्के 'अबंधित', पण त्यातूनही पगार द्यायला मनाई. महाराष्ट्रात हा निधी ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के असा वाटला गेला. शाळेचं स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची टाकी, फरशी, कंपाउंड ही कामं होतात ती बऱ्याचदा इथून. त्यासाठी ते काम गावाच्या विकास आराखड्यात, म्हणजे 'आमचं गाव, आमचा विकास'मध्ये आधी लिहिलेलं असावं लागतं. आराखड्यात नसेल तर पैसे असूनही काम होत नाही.

नवी वर्गखोली किंवा मोठी दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली नसते. ती जिल्हा वार्षिक योजनेतून येते. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. रायगडच्या पालकमंत्रिपदाची नेमणूक जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी स्थगित झाली, हे अनेकांना आठवत असेल. बातम्यांमध्ये ती दोन पक्षांची रस्सीखेच होती. पण ज्या टेबलावर वर्गखोल्यांच्या निधीचा विषय येतो, ती खुर्ची त्याच टेबलाची. जिल्हा परिषदेचंही तसंच. २०१७ ला निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकच कारभार बघत होते. शाळेच्या पत्र्यासाठी ज्याच्या घरी जाऊन बसावं असा गटाचा सदस्यच उरला नव्हता.

इथे कर्जतच्या वाड्यांचा आणखी एक तोटा आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. राज्यात अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे 'पेसा' लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. २०१५ पासून ही सोय आहे. शेजारच्या ठाणे आणि पुणे जिल्ह्यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहेत. रायगड जिल्हा त्या यादीतच नाही. त्यामुळे शहापूरच्या ठाकूरवाडीला जो पैसा मिळू शकतो, तो कर्जतच्या ठाकूरवाडीला मिळत नाही. समाज तोच आहे, डोंगरही तोच, फक्त जिल्ह्याची हद्द मध्ये येते.

विजेच्या गावात वीजबिल

भिवपुरीचं नाव मुंबईकरांना ट्रेकमुळे आणि धबधब्यामुळे माहीत असतं. पण या गावाची खरी ओळख विजेची आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी इथे खाली उतरवून टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून वीज बनवतंय. मुंबईच्या गिरण्या आणि लोकलसाठी टाटांनी घाटात जी केंद्रं उभारली, त्यातलं हे एक. आता इथेच १ हजार मेगावॉटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प प्रस्तावित आहे. त्यासाठीचा करार राज्य सरकारसोबत २०२३ मध्ये झाला.

आणि राज्यातल्या झेडपी शाळांपुढचा सगळ्यात चिवट प्रश्न कोणता? वीजबिल. थकबाकीमुळे वीज तोडलेल्या शाळांच्या बातम्या जवळपास दरवर्षी येतात. स्मार्ट टीव्ही भिंतीवर, संगणक टेबलावर आणि मीटर बंद. याचं कारण वर दिलेल्या हिशोबात आहे. टीव्ही येतो एखाद्या योजनेतून किंवा कंपनीच्या सीएसआरमधून. बिल मात्र दर महिन्याला येतं आणि ते भागवायचं त्या १० किंवा २५ हजारांच्या अनुदानातून, नाहीतर ग्रामपंचायतीच्या मेहेरबानीवर. वस्तू द्यायला सगळे तयार असतात, कारण तिच्यावर नाव घालता येतं. वीजबिलावर कुणाचं नाव घालणार?

सीएसआरचंही थोडं समजून घेऊ. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने 'दत्तक शाळा' योजना आणली. तिच्यात कंपन्या किंवा देणगीदार ठरावीक वर्षांसाठी शाळेला वस्तू आणि सेवा देऊ शकतात. चांगली सोय आहे, पण तो कर नाही. कंपनीला आवडलेली शाळा रंगते. रस्त्याला लागून असलेली शाळा आवडण्याची शक्यता जास्त, आणि डोंगरावरच्या वाडीतली कमी.

पैसा कुणाचा आणि ठरवतं कोण: गणवेश आणि अंड्याची गोष्ट

समग्र शिक्षातून एका मुलाच्या दोन गणवेशांसाठी ६०० रुपये मिळतात. आधी ही रक्कम शाळा व्यवस्थापन समितीकडे यायची. समिती तालुक्यातल्या दुकानातून कापड घ्यायची किंवा गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्यायची. २०२४-२५ मध्ये राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' म्हणत खरेदी वरून करायची ठरवली. शाळा जूनमध्ये सुरू झाली आणि अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिनापर्यंतही गणवेश पोहोचले नाहीत. मापाच्या तक्रारी आल्या त्या वेगळ्याच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने निर्णय बदलला आणि पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा समितीकडे दिलं. रक्कम ६०० चीच होती, फरक फक्त ती कुठे बसून खर्च करायची याचा होता.

अंड्याची गोष्ट याच्या उलट. दुपारच्या जेवणाचा, म्हणजे 'पीएम पोषण'चा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा उचलतात. तांदूळ केंद्राकडून मोफत. डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन यासाठी मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. २८ मुलांची शाळा असेल तर दिवसाला १९० रुपयांच्या आत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने स्वतःच्या पैशातून आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं द्यायला सुरुवात केली होती. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा पैसा बंद केला. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं सांगण्यात आलं. ज्या गावात लोकसहभाग देणारे लोक आहेत तिथे अंडं चालू राहू शकतं. वीटभट्टीवर जाणाऱ्यांच्या वाडीत लोकसहभाग कुणाकडे मागायचा?

एक आण्याचा इतिहास

घरपट्टीत शिक्षणाचा रकाना नाही, हे कायम असंच नव्हतं. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' उपकर घेतला जाऊ लागला आणि १८६९ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांसाठी. तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे इथल्या भातशेतकऱ्याने भरलेल्या आण्यातला हिस्सा, कागदावर तरी, शाळेसाठी राखलेला होता.

कागदावर तरी, असं म्हणायला कारण आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. सरकारी महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप होता. खेड्यातल्या मुलांच्या प्राथमिक शाळांवर पैसा लावा, ही मागणी. कर कुणी भरला आणि शाळा कुणाला मिळाली, हा प्रश्न महाराष्ट्रात इतका जुना आहे.

जमीन महसुलावरचा जिल्हा परिषदेचा उपकर आजही आहे. पण मूळ शेतसाराच इतका नाममात्र राहिलाय की त्याच्या पटीत उपकर लावला तरी फारसं काही जमत नाही.

स्थानिक करावर शाळा चालवली तर?

हा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. तिथे सार्वजनिक शाळांच्या पैशातला जवळपास ४५ टक्के वाटा स्थानिक पातळीवरून येतो आणि त्यात मोठा भाग मालमत्ता कराचा असतो. परिणाम असा की जिथे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातल्या गरीब वस्तीतले पालक याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरले.

तो नियम कर्जतला लावून बघा. ज्या गावात बंगल्यांचे प्रकल्प, रिसॉर्ट किंवा वीज केंद्र, तिथली शाळा चकाचक, आणि वरच्या कातकरवाडीला एक शिक्षकही परवडणार नाही. आपल्याकडे निदान पगाराच्या बाबतीत असं होत नाही. वाडीतल्या शिक्षकाला तोच पगार मिळतो जो पनवेलजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला मिळतो. राज्याने पगार उचलण्याचा हा मोठा फायदा आहे आणि तो टिकायलाच हवा. गोची एवढीच की पगाराखेरीज उरलेला सगळा किरकोळ खर्च मात्र आपण जवळपास अमेरिकेसारखाच गावाच्या ऐपतीवर सोडलाय.

पैसा आला का, हे कुठे बघायचं?

'ई-ग्रामस्वराज' या सरकारी पोर्टलवर कुठल्याही ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च उघडून बघता येतो. 'यू-डायस प्लस'वर शाळेचं नाव टाकलं की पट, शिक्षक, स्वच्छतागृह, वीज आहे की नाही, हे दिसतं. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले की बरंच कळतं. शाळेत वीज 'नाही' आणि आराखड्यात शाळेचं एकही काम नाही, असं दिसलं तर तो विषय ग्रामसभेत मांडता येतो. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करावा, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ मध्येच लिहिलंय. तो केलाय का, हे विचारायला कुठल्याही पालकाला वेगळी परवानगी लागत नाही. पुढच्या वर्षाच्या गाव आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमाराला सुरू होते. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं तेव्हा अजून गावातच असतात.